शेततळी, सौरपंप आणि आपला माळ

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा: 'हवामान बदल, सरकारी धोरणं आणि आपलं भवितव्य'. एवढा मोठा विषय पंधरा-वीस मिनिटांत संपवायचा, म्हणजे भूगोलाच्या सरांनी शेवटच्या तासाला 'राहिलेले तीन धडे' संपवले होते तसंच करावं लागेल. म्हणून मी विषय लहान करून घेतला आहे. जगाचं सोडून देऊ. ध्रुवावरचं बर्फ, समुद्राची पातळी हे आज नको. आपल्या या सीनाकाठच्या, साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या भागापुरतं बोलू. आणि बोलायचं कारणही जवळचंच आहे. आज संध्याकाळच्या बैठकीत आपल्या तुकडीच्या निधीचं काय करायचं हे ठरणार आहे. शाळेमागच्या माळावर हजार झाडं लावायची, त्यासाठी बोअर घ्यायचा आणि एक छोटं शेततळं खोदायचं, असा प्रस्ताव पुढे आहे. प्रस्ताव मनापासून आलेला आहे. त्यावर मला जे वाटतं ते शेवटी सांगेन, पण त्याआधी थोडा हिशोब मांडते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. शेतीतली किंवा पाण्यातली तज्ज्ञ नाही. पण आमच्या कामाची एक सवय इथे उपयोगी पडते. एखादी यंत्रणा नीट चालते आहे असं कुणी म्हणालं, की आम्ही विचारतो, तुम्ही नेमकं काय मोजता? कारण जे मोजलं जातं तेच वाढतं. बाकीचं वाढतं की आटतं हे कुणी पाहतच नाही. हवामानाच्या नावाखाली चाललेल्या योजनांकडेही मी हाच प्रश्न घेऊन बघते. योजनेनं किती बांधलं, किती वाटलं, हे सगळीकडे छापून येतं. पण पुढचा दुष्काळ आला तेव्हा ते गाव आधीपेक्षा जास्त तग धरू शकलं का? ओढा, गवत, विहिरी, जनावरं यांनी तग धरला का? हे क्वचितच कुणी मोजतं.

तग धरणं म्हणजे काय, हे आपल्या आईवडिलांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 1972 चा दुष्काळ त्यांनी अंगावर काढला. मिलोचं धान्य, सुकडी, खडी फोडणं, हे शब्द आपल्या प्रत्येकाच्या घरात ऐकलेले आहेत. 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पीक बुडालं, जनावरं गेली, पण भूकबळींची लाट आली नाही. त्या अनुभवातून जे धोरण उभं राहिलं ते म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. पुढे 2005 मध्ये देशाचा कायदा त्याच धर्तीवर आला.

त्या वेळी 'हवामान धोरण' हा शब्दसुद्धा नव्हता. तरी मला ते आपल्याकडचं पहिलं खरं हवामान धोरण वाटतं. त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे ते हक्क म्हणून आलं. पाऊस गेला की आपोआप दार उघडायचं, कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहायचं नाही. दुसरं म्हणजे त्याचा पैसा शहरातून आला. तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' नावाची एक ओळ असते. तो कर 1975 मध्ये याच योजनेसाठी सुरू झाला. म्हणजे मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारातून आपल्याकडच्या पाझर तलावाची माती उचलली गेली. कोरडवाहू भागातला धोका एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यानं सोसू नये, तो सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घ्यावा, हे त्यामागचं तत्त्व होतं. ते तत्त्व लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता पाऊस. आपल्याकडे सरासरी फार बदलली की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो कसा पडतो ते बघा. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेचं पाणी शेतात, घरात, गोठ्यात शिरलं, जमिनीची माती खरवडून गेलं. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या शेतातली काळी अजून परत आलेली नाही. मधे दहा वर्षंही गेली नाहीत, आणि प्रदेश तोच. आपल्याला पुढची वर्षं अशीच काढायची आहेत. लांब उघडीप, मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस. म्हणजे दुष्काळासाठी एक योजना आणि पुरासाठी दुसरी, असं चालणार नाही. जमिनीनं पाणी धरून ठेवलं पाहिजे आणि जास्तीचं सावकाश सोडलं पाहिजे. दोन्ही संकटांवर उपाय एकच आहे, तो मातीत आणि गवतात आहे.

आता शेततळ्याचा हिशोब करू. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, पन्नास हजारांपर्यंत अनुदान. कल्पना उत्तम होती. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि उघडीप पडली की पिकाला एक-दोन पाणी द्यायचं. सगळ्यांत मोठं जे शेततळं, 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल, त्यात उतार धरून सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. आता गंमत बघा. एका एकरावर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर तेही पाणी 22 लाख लिटरच होतं. म्हणजे एका एकरावर वर्षभरात पडलेला थेंबन् थेंब गोळा केला, पिकाला, मातीला, ओढ्याला काहीच दिलं नाही, तर एक शेततळं भरतं. असं कधी होत नाही. वाहून जाणारं पाणी त्याचा थोडाच भाग असतो. मग एप्रिलमध्ये आपल्याला रस्त्याच्या कडेनं तुडुंब भरलेली, निळा-काळा कागद अंथरलेली तळी दिसतात, त्यात पाणी कुठून आलं?

विहिरीतून आणि बोअरमधून आलं. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अभ्यासकांनीही ते गेल्या काही वर्षांत वारंवार लिहिलं आहे. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं, तेव्हा ते उपसून तळ्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात द्राक्षाला, डाळिंबाला द्यायचं. कागद टाकलेला असल्यामुळे ते पाणी जमिनीत परत मुरत नाही. शिवाय वरून वाफ होतं. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर 900 चौरस मीटरच्या भरलेल्या तळ्यातून रोज 7,200 लिटर पाणी आकाशात जातं. जलजीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटरचं माप लावलं तर हे 130 माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. जमिनीखाली होतं तेव्हा ते असं उडत नव्हतं. आणि तेव्हा ते एकट्याचं नव्हतं. खडकाच्या फटींमधून ते शेजारच्या विहिरीलाही मिळत होतं.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. बागेवर कर्ज काढलेल्या माणसानं मे महिन्याची तजवीज करून ठेवली तर तो शहाणपणा आहे. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. प्रश्न धोरणाचा आहे. धोरणानं तळी मोजली. तळ्यात पाणी कुठून आलं हे मोजलं नाही. त्यामुळे ज्याच्याकडे खोल बोअर आणि मोठा पंप, त्याचा तग वाढला. ज्याची विहीर चाळीस फुटांवर संपते, त्याचा तग तेवढाच कमी झाला. गावाची एकूण बेरीज केली तर पाणी वाढलं नाही, फक्त जागा बदलली.

जलयुक्त शिवारचंही थोडंफार असंच झालं. 2014 च्या डिसेंबरात ती सुरू झाली. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची असं उद्दिष्ट होतं. साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. काही गावांत उत्तम कामं झाली, ती मी पाहिली आहेत. पण 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला, त्यात भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसं यश आलं नाही असं नोंदवलं गेलं. माथा ते पायथा असं काम करायचं असतं, म्हणजे आधी डोंगरावर चर, मग शेताची बांधबंदिस्ती, शेवटी ओढा. पण जेसीबी ओढ्यात उतरतो तो चांगला दिसतो, फोटोही चांगला येतो. म्हणून अनेक ठिकाणी काम पायथ्यालाच सुरू झालं आणि तिथेच संपलं.

मग हे कुठे जमलंच नाही का? जमलं आहे, आणि आपल्यासारख्याच कोरड्या भागात जमलं आहे. पुरंदर तालुक्यातलं नायगाव. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे एक अभियंता आणि उद्योजक तिथे गेले आणि पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचले तरी थक्क व्हायला होतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळणार. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस घ्यायचा नाही. खर्चाचा काही वाटा लाभधारकांनी स्वतः भरायचा. दुसरं उदाहरण हिवरेबाजारचं. पाऊस आपल्याहून कमीच. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकारानं चराईबंदी झाली, चर खणले, झाडंही लावली. पण माझ्या मते खरं काम त्यानंतरचं आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हा नियम, आणि दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. किती पाऊस पडला, किती मुरला, पिण्यासाठी किती बाजूला ठेवायचं, उरलेल्यात रब्बीला कोणती पिकं आणि किती. पाऊस कमी झाला तर पिकं बदलायची, आणि ते सगळ्यांनी.

या दोन्ही गावांत बांधकाम झालं, पण टिकला तो नियम. बंधारा गाळानं भरतो. नियम लोकांनी पाळला तर दरवर्षी नवा होतो. कायदा आपल्याकडेही आहे. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्याकडे हल्ली कुणी दोनशे फुटांवर थांबतं का, हे मी विचारत नाही. समोर काही जण हसतायत, त्यातच उत्तर आलं.

आता सौरपंप. इथे मला सांभाळून बोलायला हवं, कारण आपल्यापैकी दोघांचा हा धंदाच आहे. कोळसा आणि डिझेल कमी जळावं म्हणून केंद्रानं 2019 मध्ये कुसुम योजना आणली. राज्यातही आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे, शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. चांगली गोष्ट आहे, आणि नुसती हवेसाठी नाही. रात्री दोन वाजता लाइट येणार म्हणून टॉर्च घेऊन दारं धरायला गेलेल्या माणसाला सापाची भीती काय असते हे आपल्या सगळ्यांच्या घरांना माहीत आहे. दिवसा वीज मिळणं ही मोठी सुटका आहे.

पण पाण्याच्या बाजूनं बघा. आपल्या सोलापुरात एकेकाळी एक हातपंप घडला, 'सोलापूर पंप'. त्याच्यावरूनच पुढे देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' तयार झाला. त्या हातपंपात एक मर्यादा आपोआपच होती, माणसाचा हात दुखला की उपसा थांबायचा. डिझेल इंजिनाला डिझेलच्या किमतीची मर्यादा होती. विजेच्या पंपाला भारनियमनाची. सौरपंपाला, एकदा बसला की, सूर्य मावळेपर्यंत कसलीच मर्यादा नाही. ऊन फुकट आणि आपल्याकडे भरपूर. म्हणजे हवेतला कार्बन कमी करणारं धोरण खाली खडकातलं पाणी वेगानं संपवू शकतं.

यावर उपायही शोधला गेला आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात धुंडी नावाच्या गावी 2016 मध्ये शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली. पंप वीजवाहिनीला जोडले. शेताला पाणी देऊन उरलेली वीज विकायची आणि पैसे घ्यायचे. एकदा विजेला भाव मिळाला की पाणी उगाच उपसण्यात तोटा दिसायला लागतो. कुसुम योजनेतही वीजवाहिनीला जोडलेल्या पंपांचा हा पर्याय आहे. माझा मुद्दा एवढाच, की तोच सौर पॅनेल एका पद्धतीनं बसवला तर विहीर आटवतो, दुसऱ्या पद्धतीनं बसवला तर विहीर राखतो. फरक यंत्रात नाही, व्यवहाराच्या मांडणीत आहे.

इथेनॉलचंही तेच. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं, हे धोरण तेलाची आयात आणि धूर कमी करण्यासाठी आहे. त्यामुळे उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं आणि कारखान्यांना श्वास घेता आला, हे खरं. पण नीती आयोगाच्याच अहवालात हिशोब दिला आहे, उसापासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण 2,860 लिटर पाणी लागतं. आपल्याकडे एक एकर ऊस म्हणजे वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाणी, 80 लाख लिटर. मघाशी पाहिलं, त्या एकरावर आकाशातून येतं ते 22 लाख. उरलेलं कुठून तरी दुसरीकडून आणावं लागतं, उजनीतून नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीच्या झऱ्यातून. आणि 2023 साली पाऊस कमी झाला तेव्हा काय झालं? डिसेंबरमध्ये केंद्रानंच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. जे धोरण दुष्काळाच्या वर्षी स्वतःच तग धरत नाही, त्यावर गावानं आपली सगळी शेती तोलून कशी धरायची?

दुसरीकडे रब्बीची ज्वारी बघा. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत धरलेली असते, त्या ओलीवर मालदांडी येते. माणसाला भाकरी, जनावराला कडबा, आणि जानेवारीत हुरडा. 2018-19 ला चारा छावण्या उघडाव्या लागल्या, कारण कडबा नव्हता. ज्वारीची जागा कमी झाली की कडबाही कमी होतो, हा हिशोब कुठल्याच योजनेच्या तक्त्यात नसतो.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत जवळचा मुद्दा, आपला माळ.

पॅरिस कराराखाली भारतानं शब्द दिला आहे, की 2030 पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून अडीचशे ते तीनशे कोटी टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा शोषून घेऊ. महाराष्ट्रात 2016 ते 2019 या चार पावसाळ्यांत अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी झाडं लावण्याची उद्दिष्टं ठेवली गेली. एवढी झाडं लावायची तर जागा हवी. मग जिथे झाड दिसत नाही ती जागा 'पडीक' ठरते. आणि आपल्या भागात झाड नसलेली जागा म्हणजे माळ.

पण माळ पडीक नाही. कुसळी, पवन्या ही गवतं उन्हाळ्यात वाळलेली दिसतात, पण मुळं जिवंत असतात. पहिला पाऊस झाला की आठ दिवसांत माळ हिरवा होतो. कार्बन म्हणाल तर गवताळ जमीन तो मुख्यतः मातीत साठवते. तो आगीत जळत नाही आणि दुष्काळात वाळून पडत नाही. गवतामुळे मुसळधार पाऊस थबकतो, माती धरली जाते. धनगरांच्या मेंढ्या माळावर जगतात आणि सुगीनंतर शेतात बसवल्या की फुकट खत देऊन जातात. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल ही सगळी माळाची जनावरं-पाखरं, त्यांना दाट झाडी नको असते. आपल्या जिल्ह्यात नान्नजला 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं. आपण शाळेतून सहलीला गेलो होतो तेव्हा निदान तो दिसण्याची आशा होती. आज तो जवळजवळ संपला आहे. इंदापूरच्या कडबनवाडीला मात्र वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. म्हणजे माळ बघायला लोक तिकीट काढून येऊ लागले आहेत. आपला तर शाळेच्या मागेच आहे.

म्हणून संध्याकाळच्या बैठकीसाठी माझी विनंती अशी. माळावर खड्डे खणू नयेत. हजार रोपं, त्यांना बोअरचं पाणी, कागद टाकलेलं तळं, म्हणजे आत्ता सांगितलेल्या सगळ्या गोष्टी आपण एकाच जागी करणार. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस मिळेल. तिसऱ्या उन्हाळ्यात कोण जाणार? झाडं लावायचीच असतील, आणि लावायलाच हवीत, तर शाळेच्या कुंपणाला आणि स्टँडपर्यंतच्या रस्त्याला लावू. कडुनिंब, वड, चिंच. जिथे मुलं उन्हातून चालतात तिथे सावली हवी. पन्नास झाडं पुरेत, पण प्रत्येकाला एक घर जोडलेलं असावं.

आणि उरलेल्या निधीतून ताळेबंद सुरू करावा. शाळेच्या मैदानात एक पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला नववीच्या मुलांनी नोंद घ्यायची. गावातल्या वीस विहिरी निवडायच्या, लहान शेतकऱ्याच्या आणि मोठ्याच्या दोन्ही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तसंच आपणही मोजायचं, दोरी आणि टेप घेऊन. ऑक्टोबरमध्ये बेरीज-वजाबाकी करून एक मोठा फलक शाळेच्या दारात आणि एक ग्रामपंचायतीत. तेही रब्बीची पेरणी व्हायच्या आत, म्हणजे वाचून कुणाला काही ठरवता येईल. हे काही नवीन नाही. जागतिक बँकेच्या मदतीनं 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईनं गावपातळीवरच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवली आहे, तिचा आधार घेता येईल. आकडे मांडण्याचं काम मी करीन. पण अॅपपासून सुरुवात करायची नाही. आधी वही. वही पाच वर्षं चालली तर पुढचं बघू.

मला ठाऊक आहे, फलकावरचे आकडे वाचून कुणी लगेच ऊस मोडणार नाही. पण आज गावात पाण्यावर बोलणं म्हणजे भांडण असतं, कारण प्रत्येकाला फक्त आपल्याच विहिरीची खोली माहीत आहे. वीस विहिरी एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या, तर निदान आपण एकाच गोष्टीवर भांडू. हिवरेबाजारच्या ग्रामसभेतही नियमांच्या आधी आकडेच असतात.

आणि माळाच्या पलीकडच्या वस्तीवरच्या मावशींना आज सकाळीच भेटले. त्यांची विहीर पंचेचाळीस फूट. गेली दोन वर्षं मार्चमध्ये तळ दिसतो, असं त्या म्हणाल्या. शाळेनं माळावर बोअर घेतला तर तो त्यांच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर येईल. हा मुद्दा प्रस्तावात लिहिलेला नाही, म्हणून इथे सांगते. वीस विहिरींच्या यादीत पहिली विहीर त्यांची असावी.

सरांनी आपल्याला नकाशात पर्जन्यछायेचा प्रदेश तिरक्या रेघांनी रंगवायला लावला होता. त्या रेघांच्या आत राहून माणसं शेकडो वर्षं जगली, ती हिशोबानं जगली. मोठी धोरणं दिल्लीत आणि मुंबईत ठरतील, काही चांगली असतील, काही नसतील. ती आपल्या ओढ्यापर्यंत येतील तेव्हा त्यांना विचारायला आपल्या हातात आपले आकडे असावेत, एवढीच माझी मागणी आहे.

बैठक पाच वाजता ग्रंथालयात आहे. ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनी तर नक्की यावं.